तांबडी गुंज, पांढरी गुंज : नावे आणि विष

प्रस्तावना

गुंज ही शिंबाकुळातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील, एक बारीक खोडाची आणि वळसे घेत चढणारी वेल असून, बियांचा तांबडा रंग आणि त्यावरचा काळा ठिपका यांमुळे, ज्यांनी रान कधी जवळून पाहिलेले नाही अशा मराठी माणसांनाही ती नावाने ओळखीची असते. सोन्याचे वजन, रागाने लाल झालेले डोळे, कृष्णाच्या गळ्यातील माळ आणि विड्यातील गोड पाला अशा चार वेगवेगळ्या ठिकाणी हे नाव मराठीत वावरते. परंतु याच बीमध्ये वनस्पतिसृष्टीतील अत्यंत तीव्र विषांपैकी एक विष साठलेले आहे, ही गोष्ट त्या चारांपैकी एकाही ठिकाणी ऐकू येत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच आहे. गुंजेच्या नावांनी तिचा रंग जपला, वजन जपले, तिच्याभोवतीची श्रद्धाही जपली. विषाची जाण मात्र नावांत न उतरता सोनार, वैद्य आणि गुराखी यांच्या कामाच्या रीतींत राहिली, आणि त्या रीती एकेक करून मोडत गेल्यामुळे आज नाव सर्वांना ठाऊक आणि धोका थोड्यांना ठाऊक अशी स्थिती झाली आहे.

या विवेचनासाठी मुदखेडचा परिसर मध्यवर्ती धरण्यामागे कारण आहे. नांदेडकडून येणारा लोहमार्ग मुदखेड जंक्शनला दुभंगतो. एक फाटा उमरी, धर्माबाद, बासर असा निजामाबादकडे जातो, तर दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट असा पैनगंगेच्या खोऱ्यातील सागाच्या रानांना स्पर्श करीत आदिलाबादकडे जातो. त्यामुळे हा तालुका मराठी आणि तेलुगू या दोन भाषांच्या, तसेच काळ्या मातीचा शेतीपट्टा आणि किनवट-माहूरचे जंगल या दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर येतो. गुंज या दोन्ही भूप्रदेशांत वाढते. जंगलाच्या कडेला ती झुडपांवर चढते, आणि शेतीच्या मुलखात बांधावरच्या बोरी-बाभळीवर किंवा जुन्या काट्यांच्या वईवर आपोआप रुजते. वई काढून तारेचे कुंपण घातले की ती तेथून नाहीशी होते. डॉ. व्ही. एन. नाईक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या मराठवाड्याच्या वनस्पतिकोशासारख्या ग्रंथांतून या प्रदेशाच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. तथापि वनस्पतिकोशाचे काम जात ओळखण्याचे असते, आणि त्या जातीला गावोगाव काय म्हणतात व का म्हणतात याचा शोध हे निराळे काम आहे.

गुंजेचे पान चिंचेच्या पानासारखे दिसते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या सुट्या पात्यांच्या, दहा ते वीस जोड्या असतात आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फिकट गुलाबी किंवा जांभळट फुलांचे दाट घोस येतात, पण ती फुले पानांत दडलेली असल्याने सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. हिवाळ्यात शेंगा भरतात, वाळतात आणि मग दोन शकलांत उकलून मागे वळतात. येथे गुंजेचा खरा विशेष दिसतो : इतर अनेक शेंगांतील दाणे उकलताच उडून पडतात, गुंजेचे तीन ते सहा दाणे मात्र शेंगेच्या कडेला आपापल्या जागी घट्ट बसून राहतात आणि पानगळ झालेल्या काटेरी झुडपावर आठवडेच्या आठवडे लांबून चमकतात. दाण्याचा काळा भाग त्याच्या नाळेभोवती, म्हणजे दाणा शेंगेला चिकटलेला असतो त्या जागेभोवती असतो आणि तो दाण्याचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतो. गर नसलेली ही बी रसाळ फळाचा भास निर्माण करून पक्ष्यांना ओढते, असे अभ्यासक मानतात. पक्षी ती गिळतो, कठीण कवचामुळे ती न पचता बाहेर पडते, आणि वेल नव्या कुंपणावर जाऊन पोचते.

तांबडा रंग आणि विष यांची जोडी म्हटली की आजच्या शाळकरी मुलाच्या डोळ्यांपुढे प्रथम गुंज येत नाही. येते ती लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी, जी मुदखेडच काय, साऱ्या मराठवाड्यात उगवत नाही, पण परदेशी चित्रपुस्तके, व्यंगपट आणि मोबाईलवरील खेळ यांमुळे घरोघर पोचलेली आहे. ही अळंबी उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत भूर्जकुळातील वृक्ष, पाइन आणि स्प्रूस यांच्या मुळांशी सहजीवन करून वाढते, आणि तिच्या टोपीवरील पांढरे ठिपके म्हणजे कोवळेपणी तिला झाकणाऱ्या पडद्याचे फाटून उरलेले तुकडे असतात, त्यामुळे जोराच्या पावसात ते धुऊनही जातात. लिनियसने 1753 साली तिला दिलेले शास्त्रीय नाव माशी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन आणि इंग्रजी या भाषांतील तिची नावेही माशी किंवा माशी मारणारी अशाच अर्थाची आहेत, कारण तिचे तुकडे दुधात टाकून माश्या मारण्याची रीत युरोपात फार जुनी असून तेराव्या शतकातील आल्बेर्टस माग्नुस या विद्वानानेही तिचा उल्लेख केलेला आहे. येथे महत्त्वाचे ते असे की त्या अळंबीचे विष तिच्या नावातच नोंदलेले आहे, आणि नाव शिकताना लहान मुलाला धोकाही शिकवला जातो. मराठीत पावसाळ्यात उगवणाऱ्या बहुतेक अखाद्य अळंब्यांना सरसकट कुत्र्याची छत्री म्हणून टाकून देतात. त्या नावात विषाचे वर्णन नसले तरी हात लावू नये एवढी सूचना असते. गुंजेच्या नावात तीही नाही.

संस्कृत निघंटूंत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या नामकोशांत, गुंजेची नावे विपुल आहेत. गुंजा हे मुख्य नाव. रक्ता आणि रक्तिका ही रंगावरून आलेली. काळ्या ठिपक्यावरून कृष्णला. आणि मग काकचिंची, काकणंती, काकादनी, काकपीलु अशी कावळ्याशी जोडलेली नावांची एक मालिकाच आहे. काकादनी म्हणजे कावळ्याचे खाद्य. ज्या फळाला कावळ्याचे खाद्य म्हणतात ते माणसाचे नव्हे, असा इशारा या नावांत कदाचित असावा, परंतु तो इतका पुसट आहे की मराठीत येईपर्यंत कावळा गळून पडला आणि गुंज तेवढी उरली. रक्तिका या नावाचे प्राकृतातून रत्ती आणि रती झाले, आणि ‘रतीभरही अक्कल नाही’ असे म्हणणाऱ्याला आपण एका वेलीच्या बीचे नाव घेत आहोत याची जाणीवही राहिलेली नसते.

मुदखेडहून धर्माबादच्या दिशेने जाताना किंवा देगलूर-बिलोलीच्या बाजारात तेलुगू कानावर पडू लागते आणि तेथे हीच बी गुरिविंद किंवा गुरिगिंज होते. तेलुगूत एक म्हण आहे की गुरिविंदेच्या दाण्याला आपल्या बुडाचा काळेपणा ठाऊक नसतो. स्वतःचा दोष न दिसणाऱ्या माणसाला ती लावतात. कानडीत गुलगंजी, तमिळमध्ये कुंडुमणी, गुजरातीत चणोठी, हिंदीत घुंघची अशी नावे आहेत. इंग्रजीत तिला खेकड्याचा डोळा म्हटले जाते आणि जपमाळेचा वाटाणाही. लिनियसच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्दही प्रार्थनेशी निगडित आहे, कारण युरोपीय व्यापाऱ्यांनी ही बी प्रथम पाहिली ती बहुधा जपमाळांत ओवलेली. त्रिनिदादमध्ये तिला जम्बी बीड, म्हणजे भुताखेतांचा मणी, म्हणतात आणि तो लहान मुलांच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून बांधत. अशी ही यादी कितीही लांबवली तरी तिच्यात डोळा, कावळा, माळ, भूत आणि सोने सापडते. विष सापडत नाही. आफ्रिकेतील घाना देशाच्या असांते लोकांत सोन्याची भुकटी तोलण्याच्या एका अतिशय लहान मापाला दम्मा म्हणत, आणि दम्मा म्हणजे हीच गुंज. भारत आणि पश्चिम आफ्रिका या एकमेकांपासून दूर असलेल्या दोन सुवर्णसंस्कृतींनी एकाच रानबीला तराजूच्या पारड्यात बसवावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

गुंज वजन म्हणून का निवडली गेली, याचे उत्तर तिच्या कवचात आहे. हे कवच इतके कठीण आणि जलरोधक असते की दाणा हवेतील ओलावा सहजासहजी शोषून घेत नाही, वर्षानुवर्षे सुरकुतत नाही, त्याला कीड सहसा लागत नाही आणि त्याचा रंगही उडत नाही. दोन दाण्यांचे वजन मात्र नेमके सारखे असते ही समजूत खरी नाही. दाणे लहानमोठे असतात, आणि म्हणूनच सोनार ते निवडून घेत व शक्यतो एकट्या दाण्याने न तोलता अनेक दाण्यांनी तोलत. महाराष्ट्रातील बाजारात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा असे कोष्टक रूढ होते, म्हणजे एका तोळ्यात 96 गुंजा. ब्रिटिश अमलातील प्रमाणित तोळा 11.66 ग्रॅमचा धरला तर एक गुंज साधारण 121.5 मिलिग्रॅम भरते. जुन्या मराठी दप्तरांत दागिन्यांची मोजदाद तोळे, मासे आणि गुंजा अशीच लिहिलेली आढळते.

हे कोष्टक सर्वत्र आणि सर्वकाळ एकच होते असे मात्र नाही. मनुस्मृतीत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याचा मासा पाच गुंजांचा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे ज्याच्या घराण्याचे नाव खानदेशाशी जोडले गेले आहे, त्या भास्कराचार्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या लीलावतीच्या आरंभीच वजनांची परिभाषा दिली असून, तेथे दोन यवांची, म्हणजे सातूच्या दोन दाण्यांची, एक गुंज, तीन गुंजांचा एक वल्ल आणि पाच गुंजांचा एक माष असे सांगितले आहे. यांतील वल्ल हाच मराठी सराफीतील वाल होय. प्राचीन भारतातील आहत नाण्यांचा, म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर ठसे मारून पाडलेल्या नाण्यांचा, कार्षापण हा प्रकार 32 रत्तींच्या मापाचा मानला जातो. सोन्याला जाळल्याचे किंवा कापल्याचे दुःख नसून गुंजेबरोबर तोलले जाण्याचे दुःख आहे, असा आशय एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात येतो. त्यातही गुंज हलकी व क्षुद्र म्हणून आली आहे, घातक म्हणून आलेली नाही. पंचतंत्रातील थंडीने काकडलेली माकडे गुंजांचा ढीग निखारे समजून फुंकत बसतात आणि त्यांना शहाणपण शिकवू पाहणाऱ्या सूचीमुख नावाच्या पक्ष्याचा त्यात जीव जातो, पण तोही माकडांच्या हातून जातो, गुंजेमुळे नव्हे.

1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि सराफांच्या पेढ्यांतून गुंजा हळूहळू बाहेर पडल्या. आजचा तोळा व्यवहारात दहा ग्रॅमचा झाला आहे, आणि रत्ती उरली आहे ती ग्रहांच्या खड्यांच्या दुकानात. या बदलाबरोबर एक रीतही गेली, जी फारशी कोणी लिहून ठेवली नाही. सोनाराच्या घरात गुंजा काट्याच्या पेटीत झाकणाखाली राहत, जमिनीवर सांडलेला दाणा वेचून परत पेटीत टाकला जाई, कारण तो वजनाचा होता. आणि मुलांच्या हाती तो सहसा पडत नसे. वजनाच्या किमतीने विषावर पहारा ठेवलेला होता. गुंज सराफीतून सुटली तेव्हा हा पहाराही सुटला.

याहून अधिक विलक्षण गोष्ट म्हणजे ज्या वेलीची बी मारक आहे तिचाच पाला मराठी माणूस रोज आवडीने खातो. पानपट्टीवरच्या गोड मसाला पानात जो वाळवलेला बारीक हिरवा पाला पडतो तो गुंजपाला, आणि गाणारे व कीर्तनकार घसा मोकळा राहावा म्हणून तो नुसताही चघळतात. त्याची गोडी ज्येष्ठमधाच्या जातीची आहे. पाल्यात ज्येष्ठमधात असते तेच ग्लिसिरायझिन असते, शिवाय अब्रुसोसाइड या नावाची संयुगे असून ती साखरेच्या तीस ते शंभर पट गोड असल्याचे आढळले आहे. गुंजेचे मूळही ज्येष्ठमधाऐवजी विकले गेलेले आहे, आणि ही बदली निर्धोक समजण्याची चूक अनेकांनी केली आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरील भागात, मूळविषांच्या आठ नावांत गुंजा स्पष्टपणे मोजलेली आहे. एकाच वेलीचे पान गोड, मूळ संशयास्पद आणि बी घातक, हा भेद प्राचीन वैद्यकाने पाहिला होता. पण मराठीत तिन्हींना एकच शब्द असल्यामुळे पानाच्या गोडीचा भरवसा नकळत बीपर्यंत पोचतो. या पुस्तकाच्या दृष्टीने गुंजेच्या नावातील खरा धोका हाच आहे आणि पुढील प्रकरणांत त्यावर सर्वाधिक भर दिलेला आहे.

रसशास्त्राने, म्हणजे आयुर्वेदातील खनिजे व तीव्र द्रव्ये यांच्या औषधीकरणाच्या शाखेने, गुंजेची गणना रुई, निवडुंग, धोतरा, कळलावी, कण्हेर आणि अफू यांच्याबरोबर उपविषांत केली. उपविष म्हणजे मुख्य विषांच्या खालोखाल मानलेले, पण शोधन केल्याखेरीज वापरू नये असे द्रव्य. शोधनाची रीत अशी की बियांची पुरचुंडी दोलायंत्रात, म्हणजे आडव्या काठीला बांधून भांड्यातील द्रवात अधांतरी लोंबत ठेवून, कांजीत किंवा गाईच्या दुधात काही तास उकळायची. आधुनिक रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या रीतीला भक्कम आधार आहे, कारण गुंजेचे विष हे प्रथिन आहे आणि प्रथिनाची घडण दीर्घ उष्णतेने मोडते. चाई लागून गेलेल्या केसांच्या जागी लावण्यासाठी आणि काही तेलांत ग्रंथांनी गुंज सांगितली आहे, तीही बाह्य उपचारासाठी आणि वैद्याच्या देखरेखीखाली. आयुर्वेदाचे नाव सांगून कच्च्या गुंजेची पूड पोटात घ्यायला सुचवणारे संदेश आज मोबाईलवरून फिरतात तेव्हा ते त्याच शास्त्राच्या पहिल्या अटीचा भंग करीत असतात, हे येथे ठामपणे नोंदवले पाहिजे.

विषाचे स्वरूप उलगडण्याच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. 1882 साली पॅरिसचे नेत्रवैद्य लुई द वेकर यांनी खुपरीवर, म्हणजे पापण्यांच्या आतील बाजूच्या चिवट संसर्गावर, गुंजेच्या अर्काचा प्रयोग केला. त्याने डोळ्याला तीव्र दाह होई आणि तो ओसरताना जुना रोगही जाई असा अनुभव होता. हा दाह अर्कातील जंतूंमुळे होतो की बीच्या अंगच्या द्रव्यामुळे, यावर वाद झाला, आणि 1884 साली कलकत्त्यात वॉर्डन आणि वॅडेल या दोघांनी ते जंतू नसून बीतील प्रथिनस्वरूप द्रव्य आहे असे दाखवून दिले. यांतील वॅडेल हे पुढे तिबेटच्या बौद्ध धर्मावरील ग्रंथामुळे जगभर ओळखले गेले. या द्रव्याला अब्रिन म्हणतात. 1891 साली पॉल एर्लिख यांनी एरंडातील रिसिन आणि गुंजेतील अब्रिन उंदरांना अतिशय अल्प प्रमाणापासून वाढवत नेऊन दिले आणि एका विषाची सवय झालेला उंदीर दुसऱ्यापासून वाचत नाही हे दाखवले. प्रतिकारशक्ती ही त्या त्या विषापुरती असते, हा आजच्या लसशास्त्राचा एक पाया अशा रीतीने एका मराठमोळ्या वईवरही उगवणाऱ्या बीने घातला. अब्रिनच्या रेणूला दोन साखळ्या असतात : एक पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, दुसरी आत शिरून रायबोसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने तयार करणारी यंत्रणा, कायमची निकामी करते. प्रथिनांची निर्मिती थांबली की पेशी मरते. हे काम हळूहळू होत असल्यामुळे लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात, आणि मधल्या शांत वेळेमुळे घरचे लोक फसतात.

या इतिहासाची एक काळी बाजूही आहे आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुंजेच्या पिठाची बारीक सुई करून ती जनावराच्या कातडीखाली टोचण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत ‘सुई’ याच नावाने वर्णिलेला आहे, आणि मोदींच्या न्यायवैद्यकावरील सर्वपरिचित पाठ्यपुस्तकातून भारतातील डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी तो वाचला. असे गुन्हे घडले हे खरे. परंतु कातड्यासाठी गुरे मारली जातात अशा समजुतीने ब्रिटिश प्रशासनाने, विशेषतः उत्तर भारतात, चामड्याचे काम करणाऱ्या जातींवर सरसकट संशय धरला, रोगाच्या साथीने मेलेली गुरेही विषप्रयोगाच्या खात्यात मांडली आणि संपूर्ण समाजांना गुन्हेगार ठरवले, हे सौरभ मिश्र यांच्यासारख्या इतिहासकारांनी दप्तरांतून पुढे आणले आहे. एका बीच्या विषाचा डाग अशा रीतीने तिच्याशी काही संबंध नसलेल्या माणसांच्या नावाला लावला गेला. त्यामुळे सुईच्या नोंदी वाचताना त्या कोणी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या पुराव्यावर केल्या, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

पांढऱ्या गुंजेविषयी थोडे स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. ही वेगळी जात नसून त्याच जातीतील बियांच्या रंगाचा भेद आहे. काही वेलींच्या बिया पांढऱ्या आणि काळ्या ठिपक्याच्या, काहींच्या निखळ पांढऱ्या असतात. दुर्मिळपणामुळे तिच्याभोवती तंत्रमंत्राचे वलय जमले, पुष्य नक्षत्रावर तिचे मूळ काढावे, तिजोरीत दाणे ठेवावेत अशा समजुती रूढ झाल्या, आणि पूजासाहित्याच्या दुकानांत व ऑनलाइन बाजारात ती तांबडीपेक्षा चढ्या भावाने विकली जाते. पांढरा रंग सात्त्विक आणि म्हणून पांढरी गुंज निर्विष, असा एक समज या व्यापारासोबत पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. पांढऱ्या दाण्यातही अब्रिन असते. घरात श्रद्धेने ठेवायची असेल तर ती बंद डबीत, लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी एवढे तरी विकणाऱ्याने सांगितले पाहिजे.

अखंड दाणा चुकून गिळला गेला तर कठीण कवचामुळे तो बहुधा न विरघळता बाहेर पडतो, आणि ‘आम्ही लहानपणी गुंजा खेळलो, काही झाले नाही’ हा जुन्या लोकांचा अनुभव याच कारणाने खरा असतो. दाणा चावला, फोडला, वाटला किंवा त्याला भोक पाडले, की ही सुरक्षा संपते. माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेला दाणा म्हणूनच अखंड दाण्याहून अधिक धोकादायक असतो. 2011 साली ब्रिटनमधील एका नामांकित उद्यानाने आपल्या दुकानातून विकलेली गुंजेच्या दाण्यांची हजारो मनगटबंधने ग्राहकांकडून परत मागवली, ती बी विषारी असल्याचे लक्षात आल्यावर. महाराष्ट्रातील जत्रांत, हस्तकलेच्या प्रदर्शनांत आणि गणपती-गौरीच्या सजावटीत अशा माळा आजही दिसतात, आणि गणपतीच्या मूर्तीचे डोळे गुंजांचे करण्याची हौसही अनेक घरांत आहे.

येथे नावांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो केवळ भाषेचा राहत नाही. रतनगुंज किंवा थोरली गुंज या नावाने ओळखला जाणारा वृक्ष निराळा आहे. त्याची बी संपूर्ण तांबडी, ठिपका नसलेली, चपटी आणि गुंजेच्या साधारण दुप्पट वजनाची असते, आणि तिच्यात अब्रिन नसते. पांगाऱ्याच्या तांबड्या बियांनाही काही ठिकाणी मुले गुंजा म्हणतात. एखाद्या घरी रतनगुंजेच्या माळेने कोणाला काही झाले नाही म्हणून शेजारच्या घरी खऱ्या गुंजेची माळ मुलाच्या हाती दिली जाते, आणि दोन्ही घरांत शब्द एकच वापरला जातो. उलट्या, पोटात कळा, रक्तमिश्रित जुलाब आणि अंगातील पाणी वेगाने कमी होणे ही गुंजेच्या विषबाधेची मुख्य लक्षणे असून तिच्यावर खास उतारा उपलब्ध नाही. उपचार शिरेतून द्रव देण्याचा आणि बिघडलेल्या अवयवांना आधार देण्याचा असतो, त्यामुळे लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठणे यावरच सारे अवलंबून राहते. भोकर किंवा मुदखेडच्या एखाद्या वाडीतून नांदेडच्या रुग्णालयात मूल नेताना ‘गुंज खाल्ली’ एवढेच सांगितले तर डॉक्टरांपुढे तीन वेगळ्या वनस्पतींची शक्यता उभी राहते. म्हणून उरलेल्या बिया, जमल्यास शेंग आणि पाल्यासकट वेलीचा तुकडा सोबत न्यावा, दाणा अखंड गिळला की चावला, भोक पाडलेला होता की नव्हता आणि किती वेळ झाला हे सांगावे. या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तिन्ही बियांचे आकार, ठिपके, नाळेची जागा आणि वजन यांचे वर्णन त्यांच्या सर्व स्थानिक नावांसह एकत्र दिले आहे, ते याच कारणासाठी.